साखरेचा आजार आहे, मग उसाचा रस का पाजला?

निरंजनी | मंगळवार, रात्री १०:५२

मंडळी, एक प्रश्न घेऊन आलेय. माझा नाही, आमच्या चिरंजीवांचा. वय साडेआठ, इयत्ता तिसरी.

परवा संकष्टी होती. सासऱ्यांचा कडक उपास असतो, चंद्र दिसेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. वय ७४, शुगर निघून बारा वर्षं झाली. सकाळची गोळी मात्र न चुकता घेतली. संध्याकाळी नातवाला घेऊन सारसबागेत गेले. तळ्यातल्या गणपतीचं दर्शन झालं, बाहेर येऊन बाकावर टेकले आणि एकदम घामाघूम. हात थरथरायला लागले, नातवाला त्याच्या काकाच्या नावाने हाका मारायला लागले. शेजारच्या बाकावरच्या एका काकूंनी पोराला विचारलं, "आजोबांना शुगर आहे का रे?" हा हो म्हणाला. त्यांनी कोणालातरी बाहेर पिटाळून उसाचा रस मागवला आणि घोटघोट पाजला. पंधरा-वीस मिनिटांत आजोबा माणसात आले. आल्या आल्या "उपास मोडलात माझा" म्हणून त्या माउलीवरच रुसले.

घरी आल्यावर प्रश्न सुरू. "आई, आजोबांना साखर बंद आहे. चहात पण नाही. मग त्या काकूंनी एवढा गोड रस का दिला?" म्हटलं, अरे त्यांची शुगर कमी झाली होती. तर म्हणतो, "मग चांगलंच की! कमीच करायची असते ना?"

इथे माझी गाडी थांबली. नवरा "हॉर्मोन्सचं असतं ते" म्हणून लॅपटॉपात शिरला. सासूबाई म्हणाल्या, बाप्पानेच त्या बाईंना तिथे बसवलं होतं. पोराचं दोन्हीने समाधान नाही. दोन दिवस गप्पगप्प आहे, डबा अर्धा परत येतोय. घाबरला असावा.

त्याला समजेल असं कसं सांगू? तुमच्याकडच्या पोरांचे असले प्रश्न असतील तर तेही लिहा.

---

पाटीवाला | रात्री ११:०५

आधी सासऱ्यांना डॉक्टरांकडे न्या. चिरंजीवांचं नंतर बघू.

---

निरंजनी | रात्री ११:०९

नेलं हो, दुसऱ्याच दिवशी. डॉक्टर सासऱ्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

---

सलाईन | रात्री ११:४०

त्या काकूंना माझा नमस्कार. बरोब्बर केलं त्यांनी. फक्त एक गोष्ट सगळ्यांनीच लक्षात ठेवा. माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तरच तोंडाने द्यायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. तेव्हा सरळ १०८ ला फोन.

आता चिरंजीव. त्याला चमच्याचा हिशोब सांगा. मी ओपीडीत मोठ्यांनाही हाच सांगतो.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. रिपोर्टवर शुगर १०० येते, म्हणजे १०० मिली रक्तात १०० मिलिग्रॅम. लिटरला झाली एक ग्रॅम, पाच लिटरला पाच ग्रॅम. चहाचा एक सपाट चमचा. निरोगी माणसाच्या अख्ख्या रक्तात एका वेळी इतकीच साखर फिरत असते. शुगर २०० म्हणजे दोन चमचे. ५० म्हणजे अर्धा चमचा, आणि अर्ध्या चमच्यावर आलं की माणसाला आपल्याच नातवाचं नाव आठवेनासं होतं.

कारण मेंदू. शरीराच्या वजनात त्याचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास, पण आराम करतानासुद्धा एकूण ऊर्जेतली वीसेक टक्के एकटा खातो. आणि खाण्याच्या बाबतीत तो सदाशिव पेठेतला आहे, रोज लागतो तोच ब्रँड. ग्लुकोज. त्यामुळे "कमी म्हणजे चांगलं" हे खरं नाही. एक चमचा चांगला. दोन-तीन चमचे वर्षानुवर्षं राहिले तर डोळे, किडन्या, नसा हळूहळू खराब होतात, आणि अर्ध्यावर आली तर पंधरा मिनिटांत बाकावर आडवं व्हायची वेळ येते. साखर जास्त असण्याचा त्रास सावकाश होतो, कमी होण्याचा ताबडतोब. उसाचा रस तेवढ्यासाठी.

परवा नेमकं काय झालं असेल तर: उपाशी असताना यकृत आपल्या कोठीतली साखर थोडी थोडी सोडत राहतं. पण शुगरच्या काही गोळ्या अशा असतात की त्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, आणि तुम्ही जेवलात की नाही हे त्या बघत नाहीत. गोळी घेतली, जेवण नाही, वर बागेपर्यंत चालणं. सगळ्या गोळ्या अशा नसतात. म्हणून उपास करणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना आधी विचारायचं. मनाने गोळी बंदही करायची नाही.

---

लंबक | बुधवार, सकाळी ७:१५

डॉक्टर, चमच्याचा हिशोब आवडला. पण शाळेत पंचवीस वर्षं विज्ञान शिकवल्यामुळे पोरगं पुढे काय विचारणार ते मला आत्ताच दिसतंय. पेलाभर उसाच्या रसात पाच-सहा चमचे साखर सहज असेल. अर्ध्या चमच्यात सहा मिळवले तर आजोबांची शुगर साडेसहाशे व्हायला हवी होती. झाली नाही. का?

---

सलाईन | सकाळी ८:०२

पकडलंत. सगळी साखर एकदम रक्तात येत नाही, आतड्यातून शोषली जाता जाता येते. आणि आली तरी फक्त रक्तात बसून राहत नाही. रक्ताबाहेर पेशींभोवती पाणी असतं त्यात पसरते, यकृत उचलतं, स्नायू उचलतात. पर्वतीच्या टाकीत टँकर रिकामा केला तरी खाली पेठांतले नळ चालू असतात, तसं. हिशोब "आत्ता टाकीत किती" याचा आहे, "दिवसभरात किती आली" याचा नाही.

वाटीभर भातातून चाळीसेक ग्रॅम कर्बोदकं पोटात जातात. म्हणजे जवळपास आठ चमचे. तरी तुमच्या-माझ्या रक्तातला चमचा एकाचे दोनसुद्धा होत नाहीत सहसा. मला विचाराल तर खरं आश्चर्य हे आहे.

पेशंट आलेत. संध्याकाळी भेटतो.

---

खडू_फळा | सकाळी १०:३०

मी बालवाडीपासून चौथीपर्यंतची मुलं बघते. इन्सुलिनसाठी किल्लीची उपमा चालते. पेशी म्हणजे घर, साखर दाराबाहेर उभी, इन्सुलिन ही दाराची किल्ली. आजोबांच्या प्रकारात कुलूप गंजलंय, किल्ली नीट फिरत नाही. लहान मुलांना होणाऱ्या प्रकारात किल्ल्याच बनत नाहीत.

---

पाटीवाला | सकाळी १०:४१

उपमांनी घोटाळे होतात. माझ्या भाच्याला हेच सांगितलं तर त्याने विचारलं, डुप्लिकेट किल्ली का करून घेत नाहीत?

---

खडू_फळा | सकाळी १०:५५

अहो, मग हाच तर क्षण! डुप्लिकेट केली की. १९२१ मध्ये टोरंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी प्राण्यांच्या स्वादुपिंडातून ती काढली आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. त्याआधी किल्ली न बनणारी मुलं जगतच नसत, उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवायचे इतकंच हातात होतं. माझ्या वर्गात हे सांगितलं की पिन पडली तर ऐकू येते. भाच्याने अख्खा शोध एका वाक्यात मागितला आणि तुम्ही त्याला घोटाळा म्हणताय.

---

पाटीवाला | सकाळी ११:२०

बरं. मागे घेतो. (दुर्मिळ घटना, स्क्रीनशॉट काढून ठेवा.)

---

धायरीकर | दुपारी १२:४८

उपमेचा विषय निघालाय म्हणून. २०२५ च्या जानेवारीत आमच्या सिंहगड रोडच्या भागात जीबीएसचे (गुलियन-बॅरे सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट निघाले तेव्हाची गोष्ट. सोसायटीच्या ग्रुपवर दुसरा विषय नव्हता, सगळ्या घरांत पाणी उकळणं चालू. लेक तेव्हा सातवीत. मी तिला लहानपणापासून "शरीरात सैनिक असतात, ते जंतूंना मारतात" हे सांगत आलेलो. ती म्हणाली, "बाबा, मग आपल्याच सैनिकांनी आपल्याच नसांवर हल्ला का केला?"

काय सांगणार? दोन रात्री वाचलं. पोट बिघडवणारा कॅम्पायलोबॅक्टर नावाचा एक जंतू असतो, त्याच्या अंगावरचं आवरण आपल्या नसांवरच्या काही घटकांसारखं दिसतं. सैनिक जंतूला मारायला शिकतात आणि क्वचित कोणाच्या तरी बाबतीत तोच गणवेश नसांवर दिसला म्हणून तिकडेही गोळीबार करतात. हातापायातली ताकद जाते. बहुतेक लोक सावरतात, पण वेळ लागतो.

लेक म्हणाली, "ओळखपत्र बघायची पद्धत नाही का?" आहे, आणि बहुतेक वेळा ते बघतातच. म्हणून तर हा आजार इतका कमी जणांना होतो. हे मला तिच्या प्रश्नामुळे कळलं, नाहीतर मी गणवेशावरच थांबलो असतो.

---

लंबक | दुपारी १:१०

अवांतर: पाणी उकळण्यावरून. पुण्यात पाणी १०० अंशांना उकळत नाही. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, त्यामुळे ९८ च्या आसपासच उकळी फुटते. सिंहगडावर आणखी दोन-अडीच अंश कमी. जंतू मरायला तेवढी उष्णता भरपूर आहे, काळजी नको. पण पुस्तकातला आकडा आणि गॅसवरचं पातेलं जुळत नाही हे मुलांना एकदा दाखवा. प्रयोगशाळेचा थर्मामीटर घ्या. तापाचा घालू नका, तो ४२ पर्यंतच असतो. आमच्या एका पालकांनी घातला होता.

---

कुंडीतली_तुळस | दुपारी ३:३७

आमचा प्रश्न: "डास चावतो तेव्हा त्याला माहीत असतं का, की आपल्याला डेंग्यू होणार?"

उत्तर द्यायच्या भानगडीत पडले नाही. बाल्कनीत कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलं होतं, ते काचेच्या बरणीत भरून त्याला दिलं. तोंडाला फडकं आणि रबरबँड. आत केसाएवढ्या बारीक अळ्या, सगळ्या उलट्या लटकलेल्या, डोकं खाली आणि शेपटीची नळी पाण्याच्या वर. नाकाऐवजी शेपटीने श्वास घेतात म्हटल्यावर चिरंजीव बरणीसमोरून हलेनात. टिचकी मारली की सगळ्या वळवळत तळाशी, मिनिटाभरात पुन्हा वर. चौथ्या-पाचव्या दिवशी काही अळ्यांचे स्वल्पविराम झाले. खरंच स्वल्पविरामासारखा दिसतो तो कोष. अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून "आठवड्यातून एक दिवस कोरडा" म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. तोवर मी महापालिकेच्या ताई तपासायला आल्या की कंटाळायचे.

डास बाहेर पडायच्या आत बरणीत चमचाभर गोडेतेल टाकलं. तेलाचा थर बसला, नळीला हवा मिळेना. पाच मिनिटं तो बघत होता. मग म्हणाला, "आई, त्यांना गुदमरलं ना?"

याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. हो म्हणाले.

---

उत्तरध्रुव | संध्याकाळी ५:०२

इथे आमच्याकडे पहाट आहे, पण हा धागा वाचत बसलोय. लेकीचा प्रश्न: ताप म्हणजे अंग गरम, मग थंडी का वाजते?

---

सलाईन | संध्याकाळी ७:४४

गिझरचं बटण. मेंदूत तापमान ठरवणारी जागा आहे. जंतू आले की ती बटण ९८.६ वरून १०२ वर नेते, कारण वाढलेल्या तापमानात बऱ्याच जंतूंना जड जातं. आता अंग ९९ वर असलं तरी मेंदूच्या हिशोबाने ते थंडच, म्हणून कुडकुडायचं. स्नायू थरथरले की उष्णता तयार होते. पॅरासिटामॉलने बटण खाली येतं, मग मेंदूला वाटतं अंग फारच गरम आहे, आणि दरदरून घाम. थंडी वाजतेय म्हणून लहान मुलावर चार गोधड्या मात्र टाकू नका.

---

आजीचा_बटवा | रात्री ८:२०

सगळं वाचलं. हुशार मंडळी आहात. पण साडेआठ वर्षांच्या लेकराला इन्सुलिन, स्वादुपिंड... कशाला? आजी म्हणाली बाप्पाने वाचवलं, त्यात वाईट काय? श्रद्धा पण हवी लेकरांना. आम्ही हे काही न विचारता मोठे झालोच की.

---

धायरीकर | रात्री ८:३१

आजी, मग पुढच्या संकष्टीला पण बाप्पाने काकू पाठवायच्या का?

---

खडू_फळा | रात्री ८:५०

धायरीकर, हे जरा लागट झालं. आजींचं एक बरोबर आहे, बाप्पा आणि इन्सुलिन एका घरात नांदू शकतात, बहुतेक घरांत नांदतातच. पण आजी, मूल प्रश्न विचारून थांबलेलं असतं. "बाप्पाने वाचवलं" ऐकून त्याच्या डोक्यात पुढचा प्रश्न येतो: मग आजारी कोणी पाडलं? तो ते मोठ्याने विचारत नाही इतकंच.

निरंजनी, डबा परत येतोय म्हणालात. तो नेमका कशाला घाबरलाय हे विचारलंत का? साखरेचा प्रश्न ठीक आहे, पण मला त्याच्या मागे काहीतरी दिसतंय.

---

निरंजनी | शुक्रवार, रात्री ११:१५

खडू_फळा, तुमचा प्रतिसाद वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. आज लिहिते.

काल संध्याकाळी ओट्यावर मोठं पातेलं ठेवलं. लिटरच्या बाटलीने मोजून पाच लिटर पाणी त्यानेच ओतलं. म्हटलं, हे आजोबांचं रक्त. "लाल का नाही?" झालं. मग चहाचा चमचा साखरेने भरून सुरीने वरून सपाट केला. टाकला, ढवळला. म्हटलं, चाखून बघ. चाखलं. पुन्हा चाखलं. "आई, काहीच लागत नाही!" मीही चाखलं. खरंच काही लागत नाही. इतक्याशा साखरेवर सासरे दिवसभर सुडोकू सोडवतात, हे मलाही नवीन होतं.

मग अर्धा चमचा म्हणजे किती ते दाखवलं. सारसबागेत इतकीच उरली होती, म्हणून आजोबांना तुझं नाव आठवेना. उपाशी होते, गोळीने होती तीही कमी केली.

तो बराच वेळ पातेल्याकडे बघत होता. मग विचारलं, "मस्तानीत किती चमचे असतात?"

म्हटलं, असतील खूप. का रे? तर ओठ थरथरायला लागले. दर गुरुवारी आजोबा त्याला चित्रकलेच्या क्लासहून आणतात ना, तेव्हा दोघं मिळून एक आंबा मस्तानी खातात. दोन चमचे, एक ग्लास. "आजीला सांगायचं नाही" असं ठरलेलं. गेल्या गुरुवारीही खाल्ली आणि पुढच्या आठवड्यात आजोबा बाकावर असे झाले. म्हणजे पाच दिवस माझं पोर, आपण मस्तानी खायला घालून आजोबांना मारणार होतो, असं मनात धरून हिंडत होतं. डबा त्यामुळे परत येत होता. डब्यात गोडाचा शिरा होता.

मी त्याला जवळ घेऊन पुन्हा पातेल्यापाशी नेलं. मस्तानीने चमचे वाढतात, ते आजोबांसाठी वाईटच, त्याबद्दल आजोबांशी मी बोलेन. पण परवा साखर वाढली नव्हती, कमी झाली होती. मस्तानीने कमी होत नाही. "नक्की?" नक्की. "पाच दिवसांनी पण नाही?" पाच दिवसांनी पण नाही.

रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

---

सलाईन | रात्री ११:३२

मी त्याला गणित शिकवायला निघालो होतो. खडू_फळा, मानलं.

---

पाटीवाला | रात्री ११:३८

डोळ्यात काहीतरी गेलं. मस्तानी कुठली ते मात्र लिहा.

---

आजीचा_बटवा | शनिवार, सकाळी ६:१०

बाई गं. लेकराला माझा आशीर्वाद सांग. आणि सासऱ्यांना म्हणावं, गुपितं आपल्या वयाच्या माणसांशी करावीत.

---

निरंजनी | रविवार, संध्याकाळी ६:२५

थोडी पुढची हकीकत. डॉक्टरांनी गोळी बदलली आहे. पुढच्या संकष्टीपासून सासरे दुपारी जेवणार आणि रात्री चंद्राला नैवेद्य दाखवून पुन्हा जेवणार, असं सासूबाईंनी जाहीर केलं. त्याला उपास म्हणतात का यावर घरात चर्चा चालू आहे. मी त्यात नाही. सासरे साबुदाण्याच्या खिचडीवर तडजोड मागत होते, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च हे नातवाने त्यांना ऐकवलं. कुठून वाचलं देव जाणे.

मस्तानी महिन्यातून एकदा, तीही आजोबांनी दोन घास, असा लेखी करार फ्रिजवर लावलाय. आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात ग्लुकोजची पुडी असते. चिरंजीवांना तेवढ्याने भागेना. त्यांनी स्वतःची पुडी बांधली, तीन चमचे साखर कागदात, वर पेनाने "७० च्या खाली असेल तरच", आणि दप्तरात ठेवली.

आज सकाळी दप्तराला मुंग्या. वह्यांत, कंपासपेटीत, सगळीकडे. मी ओरडायच्या तयारीत आणि हा जमिनीवर पालथा पडून त्यांची रांग बघतोय. "आई, ह्या एवढी साखर खातात. मुंग्यांना शुगर होत नाही का?"

---

लंबक | संध्याकाळी ६:५८

मुंगीच्या रक्तात ग्लुकोज मुख्य नसतंच. कीटकांची साखर वेगळी, ट्रेहलोज म्हणतात, आणि आपल्या मानाने ती त्यांच्या रक्तात कितीतरी जास्त असते. आपली शुगर तेवढी झाली तर सलाईन साहेब सरळ आयसीयूत नेतील. इन्सुलिनसारखं द्रव्य मात्र कीटकांतही सापडलंय, रेशमाच्या किड्यात तर नक्कीच.

आणि मुंग्यांचा या आजाराशी संबंध जुना आहे. मधुमेह या शब्दातला मेह म्हणजे लघवीचा विकार. पेशंटच्या लघवीकडे मुंग्या जातात हे चरकसंहितेत नोंदवलेलं आहे. तुमच्या चिरंजीवांआधी दीड-दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी असंच जमिनीवर वाकून रांग बघत बसलं असणार.

---

निरंजनी | संध्याकाळी ७:०६

वाचून दाखवलं. आता बाथरूममध्ये मुंग्या येतात का ते बघायला आजोबांच्या मागे मागे फिरतोय. आजोबांनी कडी लावून घेतली आहे.

---

सलाईन | संध्याकाळी ७:२०

त्याला सांगा, १८० च्या वर गेल्याशिवाय साखर सहसा लघवीत उतरत नाही. मुंग्या आल्या तर मला फोन करा.